बेलच्या जागी बल्ब

आमच्या वडगावात नवखा माणूस आला की लगेच ओळखू येतो. तो एखाद्या दाराचं बटण दाबतो आणि कान टवकारून उभा राहतो. आत काहीच वाजत नाही. मग तो पुन्हा दाबतो, या वेळी जरा जोर लावून. तिसऱ्यांदा तो बोट बटणावर ठेवूनच देतो, आणि तेवढ्यात दार उघडून घरची बाई त्याच्यावर डाफरते, "एकदा दाबलं की बास की वो! आंधळी न्हाय आमी."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, आमच्याकडं बटण दाबलं की बेल वाजत नाही, बल्ब लागतो. मागाच्या खोलीत, विणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असा एक छोटा लाल बल्ब टांगलेला असतो. ज्या घरात दोन यंत्रमाग सकाळपासून खटाक खटाक करतात, धोटा इकडून तिकडं आपटत असतो, तिथं बेल काय, दारात बँड लावला तरी आत कळायचं नाही. म्हणून बल्ब. आणि असाच दुसरा बल्ब स्वयंपाकघरात. तो तिथं कशासाठी, हे मी लहानपणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात होता, तेव्हा असायचाच असतो असं धरून चालले होते.

लग्न होऊन निपाणीला गेले तेव्हा सासरच्या दारावर चिमणीसारखी चिवचिवणारी बेल होती. ती मला जरा आगाऊच वाटली. सासरच्यांना मात्र आगाऊ वाटले ती मी. मी नुसतं मीठ मागितलं तरी शेजारच्या जैन काकू खिडकीत यायच्या आणि "भांडान झालं काय गं?" म्हणून काळजीनं विचारायच्या. त्या स्वतः मराठीत हळू बोलत आणि कन्नडमध्ये त्याहून हळू. मागाच्या घरातल्या माणसाला दोनच आवाज असतात, हे त्यांना समजावून सांगायला मला काही वर्षं लागली. एक ओरडण्याचा, आणि एक अजिबात आवाज नसलेला.

हा बिनआवाजाचा आवाज म्हणजे आमची खरी मातृभाषा. ओठ हलवायचे, शब्द बाहेर काढायचे नाहीत. समोरचा ओठ वाचतो. जोडीला हात. अंगठा तोंडाकडं नेला की चहा. मिशीला पीळ दिला की सूत देणारे शेठजी आलेत. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं की पोरगी बघायला पाहुणे आलेत. ह्या भाषेत आम्ही भांडायचो, रुसायचो, चहाड्या करायचो आणि गणिताचे पाढेही म्हणायचो. ओरडून बोलण्यात धोका होता, तो वीज जाण्याचा. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मावशी एकदा मागाच्या वरताण आवाजात आपल्या जावेविषयी काहीतरी सांगत होत्या. नेमकी वीज गेली, अख्ख्या वडगावातले माग एकदम थांबले आणि मावशींचं उरलेलं अर्धं वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्या दोन जावा पुढं बरीच वर्षं फक्त हातवाऱ्यांनी बोलायच्या.

मागच्या श्रावणात मी माहेरी गेले ती दोन कामं घेऊन. पहिलं काम गल्लीतल्या गणपती मंडळाचं. मंडळाला स्मरणिका काढायची होती आणि मी शाळेत शिकवते म्हणून मला लिहिताही येत असणार, असा पोरांचा समज होता. "आक्का, आपल्या गल्लीचा इतिहास लिहा की," पोरं म्हणाली. "बल्ब कुणी काढला त्ये लिहा. लोकं येऊन फोटो काढत्यात आता." दुसरं काम भावाचं, आणि ते जास्त अवघड होतं. आप्पांच्या कानात मशीन घालायचं.

आप्पा म्हणजे आमचे वडील. आमचे माग विकून काही वर्षं झाली होती. सुरतेच्या साड्या बाजारात आल्या, विजेचं बिल परवडेना, भाऊ सांबऱ्याच्या बाजूला नोकरीला लागला आणि एका सकाळी दोन्ही माग भंगाराच्या टेम्पोत चढले. त्यानंतर घरात जी शांतता आली ती आम्हाला कुणालाच झेपली नाही. पण आप्पांना ऐकू येत नाही, हे काही तेव्हा कळलं नाही. ते कळायला सुरुवात झाली करोनात. सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि आप्पा एकदम कुणाला उत्तरच देईनात. आम्हाला वाटलं, म्हातारपणानं डोक्यात काहीतरी शिरलंय. नंतर मास्क निघाले, पण तोपर्यंत आप्पांची नजर अधू झाली होती आणि ओठ पहिल्यासारखे वाचता येईनात. मग त्यांनी कट्ट्यावर जाणं सोडलं. माग होते त्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून भिंतीकडं बघत बसायला लागले. भाऊ फोनवर म्हणाला होता, "असंच चाललं तर सहा महिन्यांत आप्पा आपल्याला वळखायचं बी सोडतील." ते ऐकून मी घाबरले होते.

भावानं त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं तेव्हा मीही सोबत होते. बाईंनी कान तपासले, यंत्रावर काहीतरी वाकड्यातिकड्या रेषा काढल्या आणि विचारलं, "यावागिंद?" म्हणजे कधीपासून. भाऊ म्हणाला, दोन वर्षं. मी म्हटलं, करोनापासून. आई खाली बघत राहिली. बाई हसल्या. हा कान दोन-चार वर्षांत गेलेला नाही, म्हणाल्या, फार जुनं प्रकरण आहे, घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

आता त्यांना काय सांगायचं? आमच्याकडं कुणाला हाक मारायची म्हणजे खांद्याला हात लावायचा. बोलायचं म्हणजे समोर येऊन बोलायचं. पाठ करून कुणी बोलतच नसे. अशा घरात बहिरा कोण आणि धड कानाचा कोण, हे ब्रह्मदेव आला असता तरी त्याला ओळखता आलं नसतं. उलट आप्पा गल्लीत प्रसिद्ध होते ते ऐकून घेणारा माणूस म्हणून. भाऊबंदकीचं भांडण असो, नळाच्या पाण्याचं असो, लोक आप्पांकडं यायचे. आप्पा समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघत, मध्ये एक शब्द बोलत नसत, सगळं संपलं की मान हलवत. लोक जाताना म्हणायचे, "आप्पा, तुमच्यागत ऐकून घेणारा माणूस न्हाय बघा." मला बापाचा काय अभिमान वाटायचा!

मशीन आलं. आप्पांनी ते जेमतेम तासभर घातलं आणि दुसऱ्या दिवशी डबी गायब. शोधून शोधून सापडली, पुन्हा गायब. भाऊ वैतागला. म्हातारा मुद्दाम लपवतोय, म्हणाला. आप्पांना विचारलं की ते हात वर करत, मला काय माहीत, म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर इतका भोळेपणा असायचा की आमचा संशय आणखीच वाढायचा.

डबी सापडेना म्हणून मी तोवर स्मरणिकेच्या कामाला लागले. बल्बाचा जनक शोधायला निघाले आणि मला एकाऐवजी कितीतरी मिळाले. कोपऱ्यावरचे आण्णा म्हणाले, माझ्या वडिलांनी इचलकरंजीत बघितलं आणि इथं आणलं. मी विचारलं, मग इचलकरंजीत कुणी काढलं? तर म्हणाले, तिथं आमचेच पाहुणे होते. देवळाशेजारच्या आक्कांच्या मते बल्ब त्यांच्या भावाचा. तो लष्करात वायरलेसवर होता आणि लष्करात म्हणे सगळं बल्बावरच चालतं. मी प्रत्येकाला एक प्रश्न मुद्दाम विचारत होते: मागावरचा बल्ब कळला, पण स्वयंपाकघरातला कशासाठी? आण्णा थोडा वेळ विचार करून म्हणाले, उजेडासाठी. आक्का म्हणाल्या, लाल रंगानं घरात दृष्ट शिरत नाही. तिसऱ्या एका घरात सांगितलं की तो बल्ब लागला की दूध उतू जात नाही. हेही मी लिहून घेतलं.

शेवटी कुणीतरी सांगितलं, ज्यानं हे बल्ब बसवले तो वायरमन अजून आहे, पिरनवाडीला मुलाकडं राहतो. मी रिक्षा करून गेले. म्हातारा अंगणात शेंगा फोडत बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. "पयला बल्ब तुमच्याच घरात लावला की बाई!"

मला तर आभाळ ठेंगणं झालं. स्मरणिकेत आप्पांचा फोटो कुठल्या पानावर घालायचा, हेसुद्धा मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. म्हटलं, "म्हणजे आमच्या आप्पांनी काढलं तर!"

"आप्पांनी? न्हाय वो. तुमच्या आईनं बोलिवलं मला. आप्पा सूत आणाय गेलते. बाईनं सांगिटलं, दाराचं बटण दाबलं की दिवा लागाय पायजे, एक मागावर आन् एक जेवायच्या खोलीत. मी म्हटलो, मागावर ठीक हाय, आवाज असतोय. जेवायच्या खोलीत कुठला आवाज? तर म्हणाल्या, तुमी लावा गुमान, पैसं मी देती. मग शेजारच्यांनी बघून मला बोलिवलं. त्यास्नी इचारलं, दुसरा कुठं? तर म्हणाले, त्यांच्यात जितं लावलाय तितंच. आख्ख्या वडगावात मी दोन-दोन लावत गेलो."

येताना रिक्षात मी हसत होते. अख्खं वडगाव कुणालाच काही न विचारता स्वयंपाकघरात बल्ब टांगून बसलं होतं. मग आमच्या गल्लीत वळताना हसू थांबलं, कारण आम्ही सगळे स्वयंपाकघरातच जेवायचो, आणि तिथला बल्ब कुणासाठी होता हे मला कळलं होतं.

आई भाकऱ्या थापत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "आई, तुला तेव्हापासून माहीत होतं?"

तिनं कशाबद्दल ते विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तू पोटात हुतीस तवापासनं."

मग तिनं थोडं थोडं सांगितलं. एका सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, आप्पा जेवत होते आणि दाराबाहेर शेठजी हाका मारून मारून परत गेले. आप्पांनी मान वर केली नाही. नळावरून येणाऱ्या आईनं ते बघितलं आणि तिला कळलं. पण हे बाहेर कळून चालणार नव्हतं. विणणारा मागाचा आवाज ऐकून सांगतो की धागा तुटला, धोटा अडकायला आला. ज्याला ऐकू येत नाही त्याला सूत कोण देणार? आप्पा मागाच्या लाकडावर तळवा ठेवून उभे राहायचे, मला आठवतं. ती त्यांची लकब आहे असं आम्ही समजायचो. पुढं माझी सोयरीक निघाली, तेव्हा तर आईनं जास्तच जपलं. बापाचा कान गेलाय म्हटल्यावर पोरीचाही जाईल असं लोक म्हणतील, ही तिला भीती.

"आणि आप्पा? ते तुला काही बोलले नाहीत?"

"त्यांनी मला सांगिटलं न्हाय, मी त्यास्नी इचारलं न्हाय." आईनं पुढचा गोळा हातात घेतला. "हे तुज्या त्या पुस्तकात घालू नगंस."

स्मरणिकेत मी नाही घातलं. तिथं मी 'गल्लीतल्या एका घरात ही सोय प्रथम झाली' असं लिहून मोकळी झाले, आणि त्या एका घरावर आता चार घरांनी हक्क सांगितला आहे. इथं लिहिते आहे, पण नाव कुणाचंच घालत नाही, त्यामुळे मी तिचा शब्द मोडला असं निदान आईला तरी म्हणता येणार नाही.

तेव्हा मात्र मी आईला म्हटलं, "मग आता तरी त्यांना समजाव की. मशीन लपवतात ते."

आई उठली. लोणच्याच्या बरणीमागं हात घातला आणि मशीनची डबी काढून माझ्यापुढं ठेवली. "त्यांनी कशाला लपवावं? मीच ठेवलीय."

ती खाली बसली आणि पीठ संपलेल्या परातीतून हात फिरवत म्हणाली, "त्यास्नी सगळं ऐकू याय लागलं, तर मी बोलायचं कुठं गं?"

आई रोज सकाळी स्वयंपाक करताना बोलते, हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणत असेल. तर ते देवाचं नव्हतं. ते आजीचं होतं, आत्यांचं होतं, तिच्या कुठल्या साडीचा काठ आत्यानं मागून नेला आणि परत दिला नाही त्याचं होतं. आणि बरंचसं आप्पांचं होतं. आप्पा तिथंच पाटावर बसून चहा पीत असायचे, आणि ती त्यांच्याकडं पाठ करून त्यांनाच सुनवत असायची. "सगळं त्यांच्याच म्होरं बोलली. बाहीर कुणापाशी एक शबूद न्हाय. माझं मन मोकळं व्हायचं आन् त्यास्नी लागायचं न्हाय. ह्याच्यावर संसार झालाय माझा. आता म्हातारपणी त्वांड सांभाळून बोलू व्हय?"

मला हसू आलं, राग आला आणि तिची दयाही आली, सगळं एकदमच. आप्पा खोलीत भिंतीकडं बघत बसले होते. मी त्यांच्याकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, "आई, तुझं बोलणं राहील. पण समोर बसून न ऐकणारा माणूससुद्धा राहायचा नाही बघ." आईनं पदराला हात पुसले आणि डबी माझ्याकडं सरकवली.

मशीन पुन्हा घातल्यावर आप्पांची पहिले दोन-तीन दिवस करमणूकच झाली. कुकरची शिट्टी झाली की ते दचकायचे आणि मग खुश व्हायचे. "बशी खाली ठिवली तर एवढा आवाज हुतोय व्हय?" म्हणून त्यांनी बशी पुन्हा पुन्हा ठेवून बघितली. चप्पल घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या, केवळ चपलेसाठी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर गेले आणि परत येऊन तक्रार केली, की माणसं अजून तेच बोलतायत. भावानं मला बाजूला घेऊन सांगितलं, आप्पा परत आले बघ. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या आनंदात जिलेबी आणली.

आई मात्र गप्प झाली. साधी गप्प नाही. तिनं बोलणंच टाकलं. चहा हवा का, तर अंगठा तोंडाकडं. जेवण वाढू का, तर हाताची खूण. माग गेलेल्या त्या शांत घरात ती एकटीच मागाची भाषा बोलत होती. सकाळी शेगडीपुढं पाठ करून बसायची, ओठ घट्ट मिटलेले. आप्पांना आता भांड्यांचा, काकणांचा, पिठाच्या थपथपीचा आवाज ऐकू यायचा, आणि बाकी काही नाही.

मी निघायच्या दिवशी आप्पांनी मला विचारलं, "हिच्या तोंडाला काय झालंय गं?" मी पिशवी भरत असल्याचं नाटक केलं. आप्पा स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या पाटावर बसले. कानातलं मशीन काढलं. आईच्या परातीशेजारी ठेवलं.

"घे," म्हणाले. "आता बोल."

आईनं वळून त्यांच्याकडं बघितलं.

"रोज सकाळी बोलायचीस की. तुझी पाठ हलत हुती, मला दिसायचं. काय बोलतीस त्ये कळायचं न्हाय. माज्यावरच चाललंय एवढं कळायचं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. आई तिकडं बघेना. ती आप्पांच्या अगदी समोर सरकली आणि ओठ सावकाश हलवून म्हणाली, "मग कधी इचारलं का न्हाय?"

आप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते. "इचारलं असतं, तर ऐकू येत न्हाय म्हणून सांगाय लागलं असतं."

मी दारात उभी होते आणि मला रडू येत होतं. आईनं गॅस बंद केला. हात धुतले, पुसले, मशीन उचललं आणि स्वतःच्या हातानं आप्पांच्या कानात घातलं. उलटं घातलं, ते शिट्टी मारायला लागलं, मग फिरवून नीट बसवलं. आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"लगीन होऊन आल्यालं," ती म्हणाली, "तर दुसऱ्याच दिवशी तुमच्या आईनं मला..."

दुपारी निपाणीच्या बससाठी मी घरातून निघाले, तोवर ती माझ्या जन्मापर्यंत आली होती. मी उंबऱ्यातून दोनदा मोठ्यानं "येते" म्हटलं. दोघांपैकी कुणालाच ऐकू गेलं नाही.